वाचकांचे प्रश्न : संख्या-सिद्धान्ताच्या सेमिनारमध्ये बसताना

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत, आणि पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी सांगलीला एम.एस्सी. करून आता अमेरिकेतील एका विद्यापीठात गणितात पीएच.डी. करण्यासाठी आले आहे. आमच्याकडे संख्या-सिद्धान्ताचा विद्यार्थ्यांनीच चालवलेला साप्ताहिक सेमिनार आहे. त्याला प्राध्यापक येत नाहीत. विद्यार्थीच आळीपाळीने फळ्यापाशी उभे राहतात. पहिल्या दहा मिनिटांनंतर मला काही कळेनासे होते. त्यातच पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे आणि विषय ‘काँग्रुअंट संख्या’ हा ठरला आहे. एवढा मोठा विषय एका तासात कसा बसवावा? आणि इतरांच्या व्याख्यानांतून काही पदरात पडावे यासाठी काय करावे?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. संख्या-सिद्धान्तातले प्रश्न शाळकरी भाषेत मांडता येतात, पण त्यांची उत्तरे बीजगणित, विश्लेषण आणि भूमिती या तिन्ही शाखांतून हिंडून यावी लागतात, ही या विषयाची जुनीच अडचण आहे. फर्माचे शेवटचे प्रमेय आठवीतल्या मुलाला समजते. अँड्रू वाइल्स यांची १९९५ साली प्रसिद्ध झालेली सिद्धता मात्र एलिप्टिक कर्व्ह, मॉड्युलर फॉर्म आणि गाल्वा रिप्रेझेंटेशन यांच्या आधाराने उभी आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षातला विद्यार्थी हे शब्द रोजच्या बोलण्यातले असल्यासारखे वापरतो, आणि नव्याने आलेल्याला ते अंगवळणी पडायला दोन वर्षे सहज लागतात. तेव्हा दहाव्या मिनिटाला धागा सुटणे यात तुमचे काही उणे आहे असे मानू नका. मात्र ‘आधी सगळे शिकून घेते, मग सेमिनारला बसते’ असे ठरवलेत, तर ती वेळ कधीच येणार नाही.

स्टॅनफर्डचे रवी वाकील आपल्या विद्यार्थ्यांना एक साधी शिस्त सुचवतात, ती मला फार उपयोगाची वाटते : प्रत्येक व्याख्यानातून आपल्याला मिळालेल्या तीन गोष्टी लिहून काढायच्या. त्या मोठ्या असण्याची गरज नसते. एखादी व्याख्या, एखादे उदाहरण किंवा ‘हे गृहीतक नेमके कुठे वापरले?’ अशी शंकाही चालते. त्यात मी आपली एक अट घालीन : तिघांपैकी एक गोष्ट आकड्यांतली असावी. वक्त्याने फळ्यावर ३७ किंवा १५७ असा आकडा लिहिला, की तो वहीत उतरवून घ्यावा आणि घरी जाऊन त्यावर स्वतः हात चालवावा. सर्वसाधारण प्रमेय आठवड्याभरात विसरते, पण हाताने सोडवलेले उदाहरण बहुधा टिकते, आणि पुढे तेच प्रमेय पुन्हा भेटले की ओळख पटवण्याच्या कामी येते.

शंका विचारण्याविषयी एवढेच सांगतो की, ‘येथे ही संख्या विषम धरली आहे का?’ असा बारीक प्रश्न हा उत्तम प्रश्न असतो. विद्यार्थ्यांच्या सेमिनारला अनेक विभागांत प्राध्यापकांना मुद्दाम बोलावले जात नाही, ते असे प्रश्न विनासंकोच विचारता यावेत म्हणूनच. मॉस्कोमध्ये १९४३ पासून अनेक दशके चाललेल्या गणितज्ञ गेलफंड यांच्या सेमिनारची कीर्ती वेगळी होती : तेथे वक्त्याला वाटेत थांबवून श्रोत्यांपैकी एखाद्यालाच ‘आतापर्यंत काय झाले ते सांग’ असे फर्मावले जाई. त्यातून थोर गणितज्ञ तयार झाले हे खरे. पण तो प्रकार गेलफंड यांच्या तोलाच्या माणसालाच शोभतो, आणि बरोबरीच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांवर त्याचा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुमचे व्याख्यान. विषय एका तासात बसणार नाही, तेव्हा तो बसवण्याचा विचारच सोडून द्यावा. काय वगळायचे हे ठरले की उरलेले आपोआप मार्गी लागते. माझ्या मते तुम्ही ५ ही एकच संख्या धरून चालावे.

ज्या काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजू परिमेय आहेत, त्याचे क्षेत्रफळ जर पूर्णांक असेल, तर त्या पूर्णांकाला काँग्रुअंट संख्या म्हणतात. ३, ४, ५ या त्रिकोणामुळे ६ काँग्रुअंट ठरते. ५ चा त्रिकोण इतका सहज सापडत नाही : त्याच्या बाजू ३/२, २०/३ आणि ४१/६. श्रोत्यांना हा त्रिकोण तयार देऊ नका, तो त्यांच्यासमोर मिळवून दाखवा. फळ्यावर य² = क्ष³ − २५क्ष हा वक्र (हाच एक एलिप्टिक कर्व्ह) लिहा आणि क्ष = −४, य = ६ हा बिंदू त्यावर आहे हे तपासायला सांगा; −६४ आणि १०० यांची बेरीज ३६, म्हणजे मनातल्या मनात होणारे काम आहे. मग (क्ष² − २५)/य, १०क्ष/य आणि (क्ष² + २५)/य ही तीन पदे काढा. चिन्ह सोडून दिले की ३/२, २०/३ आणि ४१/६ समोर येतात. काटकोन त्रिकोणाचा प्रश्न एलिप्टिक कर्व्हवर कसा जाऊन बसतो, हे यापुढे शब्दांत सांगत बसण्याची आवश्यकता नाही.

येथेच थांबू नका. त्याच बिंदूपाशी वक्राला स्पर्शिका काढा. ती वक्राला जेथे पुन्हा छेदते, तेथे क्ष ची किंमत १६८१/१४४ येते, म्हणजेच ४१/१२ चा वर्ग. त्या बिंदूपासून वरचीच तीन पदे काढली, की ५ क्षेत्रफळाचा दुसरा त्रिकोण मिळतो, ज्याच्या काटकोनालगतच्या बाजू १५१९/४९२ आणि ४९२०/१५१९ आहेत. हे आकडे फळ्यावर आले की वर्गात थोडी कुजबुज होते, ती होऊ द्या. स्पर्शिका काढण्याची हीच कृती पुढे चालू ठेवता येते आणि त्रिकोण संपत नाहीत, हे सांगायला मग वेगळ्या नाट्याची गरज पडत नाही. इतिहासाची आवड असणारा कोणी समोर असेल, तर एवढेही सांगावे की पिसाच्या फिबोनाचीने १२२५ सालच्या ग्रंथात नेमका ४१/१२ हाच अपूर्णांक दिला आहे : त्याच्या वर्गात ५ मिळवले किंवा त्यातून ५ वजा केले, तरी वर्गच उरतो, एकदा ४९/१२ चा आणि एकदा ३१/१२ चा. बादशहा दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारातील एका विद्वानाने त्याला घातलेल्या कोड्याचे ते उत्तर होते. फिबोनाचीपाशी स्पर्शिकेची भाषा नव्हती. संख्या मात्र तीच आहे.

शेवटची पंधरा मिनिटे जेरोल्ड टनेल यांच्या १९८३ सालच्या प्रमेयासाठी ठेवा. त्याची सिद्धता मांडण्याच्या भानगडीत पडू नका; ती वेगळ्या सत्राची सामग्री आहे. विधान मात्र पूर्ण लिहा. दिलेली संख्या विषम असावी आणि १ खेरीज कोणत्याही वर्गाने तिला भाग जात नसावा. २क्ष² + य² + ८ज² आणि २क्ष² + य² + ३२ज² या दोन राशींची किंमत त्या संख्येएवढी करणाऱ्या पूर्णांकांच्या त्रयी मोजायच्या. संख्या काँग्रुअंट असेल, तर पहिली मोजणी दुसरीच्या बरोबर दुप्पट असलीच पाहिजे. आता ३ घ्या. दोन्ही ठिकाणी ज ला शून्यच राहावे लागते आणि क्ष, य हे प्रत्येकी +१ किंवा −१ असतात. म्हणजे दोन्हीकडे चारच त्रयी. चार ही चारची दुप्पट नव्हे, म्हणून ३ काँग्रुअंट नाही. एवढ्या छोट्या मोजणीतून, परिमेय बाजूंचा कोणताही काटकोन त्रिकोण ३ क्षेत्रफळाचा असू शकत नाही, हे निर्विवाद सिद्ध होते. तुमच्या श्रोत्यांपैकी अर्ध्याअधिकांनी हा हिशेब स्वतः कधी केलेला नसेल.

मग पुन्हा ५ कडे या. विषम वर्गाला ८ ने भागले की बाकी नेहमी १ उरते, आणि २क्ष² ला ८ ने भागले की बाकी ० किंवा २ उरते. म्हणून विषम संख्येसाठी वरील राशींची बाकी १ किंवा ३ एवढीच संभवते. ज्या संख्येला ८ ने भागून ५ किंवा ७ उरतात, तिच्यासाठी दोन्ही मोजण्या शून्य. शून्य ही शून्याची दुप्पट आहेच, तेव्हा ही कसोटी अशा संख्येला नाकारू शकत नाही. पण म्हणून ती काँग्रुअंट आहे असे म्हणता येते का? म्हणता येते, परंतु एलिप्टिक कर्व्हवरील परिमेय बिंदूंविषयीची बर्च आणि स्विनर्टन-डायर यांची अटकळ खरी मानली तरच, आणि ती सर्वसाधारण रूपात अजून सिद्ध झालेली नाही. याचे सगळ्यात बोलके उदाहरण १५७ आहे. तिचा सर्वांत साधा त्रिकोण डॉन झागिए यांनी काढून दाखवला आणि त्याच्या कर्णाच्या अंशातच ४८ अंक आहेत. ते ४८ अंक फळ्यावर लिहू नका. कागदावर छापून वाटा. त्यानंतर वेळ उरला तरी काही नवे सुरू करू नका, तो शंकांसाठी ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी परदेशी गणितात संशोधन करते. आठवड्याचे दोन दिवस ती कुठल्याशा सेमिनारच्या तयारीत घालवते, पण त्याला ना गुण, ना प्रमाणपत्र, ना मानधन. हा वेळ तिने प्रबंधाला द्यावा असे आम्हा दोघांना वाटते. तिला समजवावे का? (एक वडील, डोंबिवली)

उत्तर : समजवू नये. गुण नाहीत हे खरेच आहे, आणि ते तसेच असावे. गुण आले की लोक कळल्याचे सोंग करू लागतात. प्रबंधातला प्रश्न बहुतेकदा मार्गदर्शक देतात, परंतु तो सोडवायला लागणारी हत्यारे कोणती आणि ती कोणाकडून शिकावीत, हे अशाच बैठकांतून कळते. ॲरिझोना विंटर स्कूल नावाचा एक उपक्रम १९९८ पासून भरतो. तेथे संख्या-सिद्धान्ताचे विद्यार्थी दिवसा व्याख्याने ऐकतात, रात्री गटागटाने एकेका प्रश्नावर बसतात आणि अखेरीस आपले काम सर्वांपुढे मांडतात. तिथल्याही कामाला कोणी गुण देत नाही. तुमच्या मुलीला विचारायचेच असेल, तर तिच्या पुढच्या व्याख्यानाचा विषय विचारा आणि तो तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगायला लावा. तिलाही त्याचा फायदा होईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या देवळालीचे कापरेकर गुरुजी शाळेत शिकवता शिकवता एकटेच संख्यांवर काम करीत राहिले. त्यांच्यामागे विद्यापीठ नव्हते, सेमिनार नव्हता. मग या बैठकांचे एवढे स्तोम कशाला? (नाशिक)

उत्तर : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याविषयी आदर बाळगूनच लिहितो. ३५२४ घ्या; अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत जा. ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि त्यापुढे ६१७४ च येत राहते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या येथेच येऊन पोचते, हे एका शाळाशिक्षकाने पाहिले ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण ते अगदी एकटे होते हे तितकेसे खरे नाही. त्यांनी आपले काम १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले होते, ते आपल्या पुस्तिका छापून लोकांपर्यंत पोचवत, आणि १९७५ मध्ये गणितावर लोकप्रिय लेखन करणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगभर त्यांचे नाव झाले. त्यांनाही ऐकणारा माणूस हवाच होता.

सेमिनार प्रतिभा देत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो. ६१७४ फळ्यावर आले की कोणीतरी विचारणारच : तीन अंकांचे काय? तेथे ४९५ येते. दोन आणि पाच अंकांचे काय? तेथे एका संख्येवर थांबण्याऐवजी काही संख्यांचे फेरे मिळतात. दशमान पद्धत सोडून दुसरा पाया घेतला तर? या तिसऱ्या प्रश्नापाशी आल्यावर लक्षात येते की यात संख्येचा गुण किती आणि ती लिहिण्याच्या रीतीचा किती, हे वेगळे करणे आवश्यक आहे. असा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारणे फार कठीण असते. रामानुजनांचेच पाहा : १९१३ साली केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रांत अपूर्व सूत्रे होती, पण मूळ संख्यांच्या वाटणीविषयीचे त्यांचे काही दावे चुकीचे होते. केंब्रिजमध्ये हार्डी आणि लिटलवुड यांच्या सहवासात त्या चुका दिसल्या, आणि त्याच सहवासात त्यांचे सर्वोत्तम कामही झाले. कुंभकोणमला त्यांना कोणी अडवणारे नव्हते, यात त्यांचे नुकसानच होते.

प्रश्न : आम्ही जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.एस्सी.ला आहोत. संशोधन विभाग नाही, संख्या-सिद्धान्त शिकवणारे कोणी नाही. तरीही आम्ही सहा जण दर शनिवारी असा सेमिनार सुरू करू इच्छितो. कोठून सुरुवात करावी?

उत्तर : सहा जण पुष्कळ झाले. तुमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला, आजोबांचे ग्रंथ तेथे शिकवले जावेत यासाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. सुरुवात भास्कराचार्यांपासूनच करा, आणि तीही अभिमानाची भाषणे न करता, हिशेब करून.

पहिल्या दोन-तीन शनिवारी एकच समीकरण घ्या : ६१क्ष² + १ = य². भास्कराचार्यांनी ११५० च्या बीजगणितात चक्रवाल या पायरीपायरीने उत्तराकडे नेणाऱ्या रीतीने ते सोडवले आहे. धन पूर्णांकांतले त्याचे सर्वांत लहान उत्तर क्ष = २२६१५३९८०, य = १७६६३१९०४९. हेच ६१ घेऊन १६५७ साली फर्माने समकालीनांना आव्हान दिले होते. एकाने फळ्यापाशी उभे राहून ८² − ६१ × १² = ३ पासून निघावे आणि चक्रवालाची एक पायरी चढून ३९² − ६१ × ५² = −४ पर्यंत यावे. येथून ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ (अशा दोन समीकरणांच्या मेळातून नवे समीकरण मिळवण्याची रीत) वापरून उत्तराला भिडता येते, पण ते काम दुसऱ्याने पुढच्या शनिवारी करावे. ही रीत प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोचतेच का, हा प्रश्न तिसऱ्याचा. तेथे तुम्हाला पहिली खरी सिद्धता लागेल, आणि बहुधा पहिले भांडणही तेथेच होईल.

त्यानंतर एक पुस्तक ठरवा आणि वर्षभर बदलू नका. तुमच्या पातळीला सिल्व्हरमन आणि टेट यांचे एलिप्टिक कर्व्हवरील पुस्तक मानवेल. त्याचे मूळ टेट यांनी १९६१ साली हॅव्हरफर्ड महाविद्यालयात पदवीपूर्व विद्यार्थ्यांना दिलेल्या व्याख्यानांत आहे. एकेका माणसाकडे सलग दोन सत्रे द्या, कारण पहिल्या सत्रात निम्मा वेळ मागच्याचे विसरलेले आठवण्यात जातो. संगणकावर पारी हे संख्या-सिद्धान्ताचे हिशेब करणारे मोफत सॉफ्टवेअर टाकून घ्या, मात्र उत्तर तपासण्यापुरतेच. ज्या आठवड्यात ज्याची पाळी आहे त्याने तयारी केली नसेल, तर सत्र रद्द करू नका. मागच्या उदाहरणांचे आकडे बदलून सोडवत बसा.

टिपणांची जबाबदारी वक्त्याकडे न देता श्रोत्यांपैकी एकाकडे द्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकापासून ही प्रथा होती : बाहेरून आलेले गणितज्ञ व्याख्याने देत आणि संस्थेतले तरुण संशोधक ती लिहून काढत. कार्ल सीगल यांच्या वैश्लेषिक संख्या-सिद्धान्तावरील व्याख्यानांची एस. राघवन यांनी लिहिलेली टिपणे १९६१ साली अशीच प्रसिद्ध झाली. ती मालिका संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. सीगल यांची व्याख्याने तुम्हाला एवढ्यात झेपणार नाहीत, पण टिपण कसे लिहावे हे पाहण्यासाठी त्यांची पहिली काही पाने जरूर चाळा. आयआयटी मुंबई आणि टाटा संस्था यांनी मिळून उभारलेल्या राष्ट्रीय गणित केंद्रातर्फे देशभर प्रशिक्षण वर्ग भरतात. सहापैकी दोघांनी जरी तेथे अर्ज केला आणि ते परत येऊन तुमच्यापुढे बोलले, तरी पुढच्या वर्षीचा विषय तुम्हाला शोधत बसावा लागणार नाही.